खेळाचा गुरू आणि संघाचा एकोपा

अकरा उत्तम खेळाडू एकत्र केले म्हणजे एक उत्तम संघ तयार होतो, अशी पुष्कळांची समजूत असते; आणि दरवर्षी कोठल्या ना कोठल्या मैदानावर ती खोटी ठरत असते. नामांकित खेळाडूंनी भरलेला संघ सामान्य संघाकडून पराभूत झाला की प्रेक्षक दैवाला किंवा पंचाला दोष देऊन घरी जातात. वस्तुतः दोष बहुधा निराळ्याच ठिकाणी असतो. काटक्यांची मोळी बांधावयाची तर दोर लागतो. तो फार आवळला तर काटक्या मोडतात, आणि सैल सोडला तर त्या एकेक करून निसटतात. संघाच्या बाबतीत हा दोर म्हणजे त्याचा शिक्षक, ज्याला अलीकडे प्रशिक्षक असे म्हणतात. त्याने खेळाडूंवर हुकमत गाजवावी, की त्यांच्याशी विचारविनिमय करून चालावे? धाकाने एकी होते, की ममतेने? हा प्रश्न केवळ मैदानापुरता नाही. शाळा, कचेरी, कारखाना आणि कुटुंब या सर्वांनाच तो लागू पडतो. म्हणूनच विसाव्या शतकातील मानसशास्त्रज्ञांनी त्याचा शास्त्रीय रीतीने विचार करण्यास आरंभ केला.

या विचाराचा पाया घालणाऱ्यांत कुर्ट लेविन यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. लेविन हे जर्मनीतील ज्यू विद्वान. नाझी राजवट आल्यावर १९३३ मध्ये त्यांनी मायदेश सोडला व अमेरिकेत आश्रय घेतला. हुकूमशाहीची झळ स्वतः सोसलेल्या या माणसाला, पुढाऱ्याच्या वागण्याचा समूहाच्या मनावर काय परिणाम होतो, या प्रश्नाने पछाडावे हे स्वाभाविकच होते. आयोवा येथे त्यांनी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट या सहकाऱ्यांसह दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी छोटी मंडळे तयार केली आणि त्यांना मुखवटे बनविण्यासारखी कामे दिली. या प्रयोगांचा प्रसिद्ध वृत्तांत १९३९ साली छापला गेला. काही मंडळांचा पुढारी प्रत्येक गोष्ट हुकूम देऊन करवून घेई. काहींचा मुलांशी चर्चा करून काम ठरवी. आणि काहींचा सर्व काही मुलांवर सोपवून स्वस्थ बसे.

फळ काय मिळाले? हुकमी पुढाऱ्याच्या हाताखाली कामाचा उरक कमी नव्हता. परंतु कोठे मुले मुकी व निरुत्साही झाली, तर कोठे ती परस्परांवर गुरगुरू लागली आणि सर्वांचा राग एखाद्या दुबळ्या सवंगड्यावर निघू लागला. ज्यांना मोकळे सोडले होते त्यांच्यात गोंधळ माजला. चर्चेने चालणाऱ्या मंडळांत मात्र स्नेह वाढला व कामात स्वतःची कल्पकता दिसू लागली. या सर्वांहून बोलकी अशी एक गोष्ट होती. पुढारी थोडा वेळ खोलीबाहेर गेला की हुकमी मंडळातील काम बंद पडे, आणि विचारविनिमयाने चालणाऱ्या मंडळातील काम तसेच चालू राही. पुढाऱ्याची परीक्षा त्याच्या उपस्थितीत होत नाही, ती त्याच्या अनुपस्थितीत होते, हे या साध्या प्रयोगाने दाखवून दिले.

तथापि मुखवटे बनविणारी मुले आणि लाखभर प्रेक्षकांपुढे उभा असलेला राष्ट्राचा संघ यांत अंतर आहे. मैदानावर दर क्षणाला निर्णय घ्यावा लागतो. तेथे सभा भरवून मते घेण्यास अवकाश नसतो. मग खेळाच्या शिक्षकाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात एक असा शिक्षक होऊन गेला की ज्याच्या चरित्रात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकवटलेल्या दिसतात. त्या शिक्षकाचे नाव सय्यद अब्दुल रहीम.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले आणि पेशा शाळामास्तराचा. हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद त्यांच्याकडे १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच आले व ते अखेरपर्यंत त्यांच्याकडे राहिले. १९५० पासून ते हैदराबाद सिटी पोलीस या संघाचे आणि त्याचबरोबर भारतीय संघाचेही शिक्षक झाले. खेळाडू म्हणून त्यांची कीर्ती फार मोठी नव्हती. त्यांचे सामर्थ्य निराळे होते. वर्गातील मागच्या बाकावरच्या मुलाला एखादे उदाहरण का सुटत नाही, हे ओळखणारी मास्तराची नजर त्यांनी मैदानावर आणली.

त्या काळी भारतीय फुटबॉलमध्ये चेंडू पायात घोळवीत एकट्याने प्रतिपक्षाच्या तीन-चार गड्यांना चकविणे, हेच कौशल्याचे शिखर मानले जाई. प्रेक्षक त्यावर लुब्ध होत, आणि खेळाडू प्रेक्षकांवर. या मोहामुळे संघाचा घात होतो, हे रहीमसाहेबांनी जाणले. परंतु त्यांनी केवळ उपदेश केला नाही. त्यांनी हैदराबादेत अशा स्पर्धा भरविल्या की ज्यांत चेंडू घोळविण्यास मनाईच असे; चेंडू पायाशी आला की तो तत्काळ साथीदाराकडे दिलाच पाहिजे. मुलांसाठी त्यांनी असेही सामने ठेवले की ज्यांत खेळाडूने आपल्या दुबळ्या पायानेच चेंडू मारावा.

या नियमांकडे वरवर पाहिले तर ते हुकूमशहाचे नियम वाटतात. थोडा विचार केला तर त्यांतील मर्म ध्यानात येते. ज्याला चेंडू स्वतःजवळ ठेवता येत नाही त्याला साथीदार कोठे आहे हे सतत पाहावे लागते. त्याची मान वर राहते. आपल्याला चेंडू मिळावा म्हणून साथीदारालाही मोकळ्या जागी धावावे लागते. अशा रीतीने परस्परांकडे पाहण्याची सवय लागते, आणि एकोप्याची सुरुवात या पाहण्यातूनच होते. एकीवर व्याख्यान देऊन जे साधले नसते ते रहीमसाहेबांनी खेळाच्या नियमात एक लहानसा फरक करून साधले.

त्याचे फळ मुंबईकरांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. कूपरेजच्या मैदानावर देशभरचे नामांकित संघ या चषकासाठी झुंजत. हा चषक हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे जिंकला. कलकत्त्याच्या श्रीमंत व लोकप्रिय क्लबांच्या मानाने पोलीस खात्यातील शिपायांचा हा संघ साधा होता. परंतु नूर महंमद, अझीझुद्दीन, लईक, मोईन हे त्याचे खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र सराव करीत आणि एकमेकांची चाल न बोलता ओळखीत.

क्लबाचा संघ बांधणे आणि देशाचा संघ बांधणे या मात्र दोन भिन्न गोष्टी होत. क्लबाचा शिक्षक आपल्या माणसांना वर्षभर जवळ ठेवू शकतो. देशाच्या संघात खेळाडू चार दिशांहून येतात. ते आपापली भाषा, आपापल्या क्लबाचा अभिमान आणि कधीकधी आपापले वैरही बरोबर आणतात. मार्च १९५१ मध्ये दिल्लीस पहिले आशियाई क्रीडासामने झाले. तेथे शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात इराणचा एका गोलाने पराभव करून सुवर्णपदक मिळविले. त्या यशाने देश आनंदला. पण पुढील वर्षीच त्या आनंदाला तडा गेला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारतावर दहा विरुद्ध एक अशी मात केली. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत होते.

अशा पराभवानंतर शिक्षकापुढे दोन मार्ग असतात. एक म्हणजे दोषी शोधून त्याच्या माथी खापर फोडणे. लेविन यांच्या प्रयोगातील मुलांनी दुबळ्या सवंगड्यावर राग काढला तो याच जातीचा. दुसरा मार्ग म्हणजे पराभवाकडे पाठ्यपुस्तक म्हणून पाहणे. रहीमसाहेबांनी दुसरा मार्ग धरला. परदेशी संघांची व्यूहरचना, त्यांची शारीरिक तयारी, त्यांची चेंडू देण्याघेण्याची गती यांचा त्यांनी अभ्यास केला. पायात बूट घालून खेळणे यापुढे टाळता येण्यासारखे नाही, हेही उघड झाले होते.

चार वर्षांनी, १९५६ साली मेलबर्न येथे या अभ्यासाचे फळ दिसून आले. १ डिसेंबर रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा चार विरुद्ध दोन असा पराभव केला. त्यांपैकी तीन गोल नेव्हिल डिसोझा यांचे होते. मूळचे गोमंतकीय आणि मुंबईच्या मैदानांवर नावारूपास आलेले डिसोझा हे ऑलिंपिकच्या एकाच सामन्यात तीन गोल करणारे पहिले आशियाई खेळाडू ठरले. उपान्त्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांनीच केला. पुढे युगोस्लाव्हियाने चार गोल करून तो सामना जिंकला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यातही बल्गेरियाने भारतास हरविले, आणि भारत चौथा आला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये याहून वरचे स्थान भारतास त्यानंतर मिळालेले नाही. ज्या युगोस्लाव्हियाने चार वर्षांपूर्वी दहा गोल लादले होते, त्यांच्यावरच भारताने आधी आघाडी घेतली, ही घटना केवळ पदकांच्या यादीत शोधून सापडणारी नाही.

१९६० साली रोम येथे भारताने कडवी झुंज दिली. हंगेरीविरुद्धचा सामना एका गोलाच्या फरकाने गेला. फ्रान्सविरुद्ध कर्णधार प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी गोल केला व सामना बरोबरीत सुटला. पेरूकडून मात्र हार पत्करावी लागली.

याच रोममध्ये या विषयाच्या अभ्यासकांना विचारात पाडणारी आणखी एक घटना घडली. आठ वल्हेकऱ्यांच्या नौकाशर्यतीत जर्मनीच्या नौकेने सुवर्णपदक जिंकले. त्या नौकेतील एक वल्हेकरी हान्स लेंक हे पुढे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्यांनी आपल्या अनुभवावर व निरीक्षणावर जे लेखन केले त्यात असे दाखविले की, जगज्जेत्या नौकांतील वल्हेकऱ्यांमध्ये गट पडलेले होते आणि मतभेद तीव्र होते. तरीही नौका सर्वांच्या पुढे गेली. म्हणजे परस्परांवर प्रेम नसतानाही विजय मिळू शकतो! मग एकोप्याची एवढी थोरवी का गावी?

या शंकेचे उत्तर एकोप्याच्या अर्थातच आहे. आल्बर्ट कॅरन या कॅनडातील अभ्यासकाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या सुमारास एकोप्याचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे केले. पहिला कार्याचा एकोपा: सर्वांचे ध्येय एक, आणि ते गाठण्यासाठी प्रत्येकाने काय करावे याविषयी एकमत. दुसरा स्नेहाचा एकोपा: परस्परांविषयी आवड, एकत्र वावरण्याची ओढ. लेंक यांच्या नौकेत दुसरा उणा होता. पहिला भरपूर होता. वल्हे एकाच क्षणी पाण्यात पडत असेल तर वल्हेकऱ्यांची मने जुळली नसली तरी नौका पुढे जाते. परंतु फुटबॉल म्हणजे नौकानयन नव्हे. येथे प्रत्येकाची कृती एकसारखी नसते. एकाची चूक दुसऱ्याने सावरावी लागते, आणि ज्याच्याविषयी मनात अढी आहे त्याची चूक सावरण्यास पाय जड होतात. म्हणून अशा खेळात एक एकोपा दुसऱ्याला फार काळ सोडून राहू शकत नाही.

रहीमसाहेबांच्या पद्धतीकडे या दृष्टीने पाहिले तर तिचे रहस्य उकलते. कार्याच्या बाबतीत ते कठोर होते. कोणी कोठे उभे राहावे, चेंडू केव्हा सोडावा, सरावास किती वाजता हजर व्हावे, या गोष्टींत तडजोड नव्हती. माणसाच्या बाबतीत मात्र ते मायाळू होते. सिकंदराबादचे तुळशीदास बलराम हे गरीब घरातील तरुण. सरावासाठी हैदराबादला रोज यावे कसे, हाच त्यांच्यापुढे प्रश्न होता. तेव्हा भाड्याच्या सायकलीचे पैसे रहीमसाहेबांनी द्यावे आणि बलराम यांनी सरावास यावे, असा क्रम चालला. पुढे हेच बलराम देशाच्या आघाडीचे आधारस्तंभ झाले. ज्या शिक्षकाने आपल्या पोटाची व पायपिटीची काळजी केली त्याने मैदानावर कठोर शब्द वापरला तरी तो शिष्यास बोचत नाही. कारण त्यामागचा हेतू त्याला ठाऊक असतो.

या पद्धतीची खरी कसोटी १९६२ साली जाकार्ता येथे लागली. चौथ्या आशियाई क्रीडासामन्यांसाठी गेलेला भारतीय संघ म्हणजे देशाचेच एक लहानसे चित्र होते. कर्णधार चुनी गोस्वामी आणि बचावातील जर्नैलसिंग हे मोहन बागानचे. अरुण घोष व राम बहादूर हे ईस्ट बंगालचे. या दोन क्लबांतील चुरस एवढी तीव्र की त्यांच्या सामन्याच्या दिवशी कलकत्ता शहर दुभंगते. प्रदीपकुमार बॅनर्जी हे ईस्टर्न रेल्वेचे. बलराम व युसूफ खान हे हैदराबादच्या मातीतले. चंद्रशेखर हे केरळचे. फोर्तुनातो फ्रँको हे गोव्यात जन्मलेले आणि मुंबईत खेळलेले. गोवा त्याच्या आदल्याच वर्षाच्या अखेरीस मुक्त झाला होता. जर्नैलसिंग यांचा जन्म पश्चिम पंजाबातील लायलपूर भागातला. फाळणीनंतर ते इकडे आलेले. हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती असे सर्व या संघात होते. यांना बांधणारा दोर शोधणे सोपे नव्हते.

आरंभही अपशकुनी झाला. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास दोन गोलांनी हरविले. पुढे थायलंडवर चार विरुद्ध एक आणि जपानवर दोन विरुद्ध शून्य असे विजय मिळाले. परंतु थायलंडविरुद्ध जर्नैलसिंग यांचे डोके फुटून टाके घालावे लागले. गोलरक्षक पीटर थंगराज तापाने आजारी पडले. त्यातच मैदानाबाहेर वादळ उठले. यजमान इंडोनेशियाने इस्राएल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. भारताचे एक ज्येष्ठ क्रीडाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर जाहीरपणे आक्षेप घेतला. त्यामुळे जाकार्तातील लोकमत भारतीयांविरुद्ध भडकले. जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. खेळाडूंना रस्त्यातून जाणेही धोक्याचे झाले.

आणि या सर्वांहून मोठे संकट संघाच्या तंबूतच होते. रहीमसाहेबांची प्रकृती ढासळत चालली होती. फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे शरीर आतून पोखरले होते.

अशा वेळी त्यांनी जे निर्णय घेतले ते पाहण्यासारखे आहेत. टाके घातलेल्या जर्नैलसिंगांना बचावात ठेवले तर उंच चेंडू डोक्याने परतविण्याचे काम त्यांच्याकडून कितपत होणार? त्यांना घरी बसवावे तर संघाचा कणा मोडणार. रहीमसाहेबांनी त्यांना थेट आघाडीच्या मध्यभागी नेले. बचावाचा भार इतरांनी उचलला. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात आजारी थंगराज यांच्या जागी प्रद्युत बर्मन यांना उभे केले. तो सामना भारताने तीन विरुद्ध दोन असा जिंकला, आणि त्यातील एक गोल जर्नैलसिंग यांचा होता. हे निर्णय मतदानाने झाले नाहीत. ते शिक्षकाने घेतले आणि शिष्यांनी विनातक्रार मानले. एरवी ज्या हुकमाने मने दुखावली असती तोच हुकूम येथे आधार वाटला. कारण बारा वर्षांच्या विश्वासाची पुंजी त्याच्या पाठीशी होती, आणि संकटकाळी ती खर्चावयाची होती.

अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री खेळाडूंना झोप येईना. तेव्हा रहीमसाहेब त्यांना घेऊन बाहेर फिरावयास गेले आणि, उद्या मला तुमच्याकडून एक भेट हवी, सुवर्णपदकाची, एवढेच म्हणाले, अशी आठवण त्या संघातील खेळाडू पुढे अनेक वर्षे सांगत. या मागणीत हुकूम नव्हता आणि चर्चाही नव्हती. गुरुदक्षिणा ही या देशाची जुनी रीत आहे. एरवी गुरू ती मागत नाही. येथे मागितली, आणि शिष्यांनी तिचा अर्थ ओळखला.

४ सप्टेंबर १९६२ रोजी सुमारे एक लाख प्रेक्षकांपुढे भारत व दक्षिण कोरिया यांची पुन्हा गाठ पडली. कोरियाचा संघ आशिया चषक दोनदा जिंकलेला. प्रेक्षक भारतीयांच्या प्रत्येक हालचालीवर ओरडत होते. त्या कोलाहलात भारताच्या बाजूने उमटणारे काही आवाज होते, ते पाकिस्तानच्या हॉकी खेळाडूंचे. पूर्वार्धाच्या पहिल्या वीस मिनिटांतच प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी पहिला व जर्नैलसिंग यांनी दुसरा गोल केला. अखेरच्या काही मिनिटांत कोरियाने एक गोल फेडला. परंतु तापातून उठून उभे राहिलेले थंगराज व त्यांच्या पुढची फळी ढळली नाही. भारताने दोन विरुद्ध एक असा विजय मिळविला. आशियाई सामन्यांतील फुटबॉलचे भारताचे ते दुसरे सुवर्णपदक. त्यानंतर तिसरे आलेले नाही.

जाकार्ताच्या विजयानंतर काही वर्षांनी या विषयाचे शास्त्र आणखी पुढे गेले, आणि त्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. पाकियनाथन चेल्लादुराई हे मूळचे बास्केटबॉलचे खेळाडू व शिक्षक. पुढे कॅनडात जाऊन त्यांनी क्रीडानेतृत्वाचा सिद्धांत १९७८ मध्ये मांडला. त्यांचे म्हणणे असे की, शिक्षकाची कोणतीही एक रीत सर्वकाळ श्रेष्ठ नसते. प्रसंगाची मागणी एक असते, खेळाडूंची अपेक्षा दुसरी असते आणि शिक्षकाचे प्रत्यक्ष वर्तन तिसरे असते. ही तीन जेथे जुळतात तेथे संघ समाधानी असतो व चांगला खेळतो. शिक्षकाच्या वर्तनाची त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने पाच अंगे सांगितली: शिकवण, विचारविनिमय, हुकमत, जिव्हाळा आणि शाबासकी. या पाच अंगांवर जगभर पुष्कळ संशोधन झाले. त्यांतून सामान्यतः असे आढळते की शिकवण, जिव्हाळा, शाबासकी व विचारविनिमय जेथे अधिक तेथे एकोपा अधिक. नुसती हुकमत जेथे अधिक तेथे तो कमी. रहीमसाहेबांनी हा सिद्धांत वाचणे शक्य नव्हते. परंतु वर्गातील फळ्यासमोर उभे राहून त्यांना तो अनुभवाने उमगला असावा.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. एकोप्यामुळे विजय मिळतो हे जितके खरे, तितकेच विजयामुळे एकोपा वाढतो हेही खरे. जिंकणाऱ्या संघात सर्वच एकमेकांचे मित्र असतात. म्हणून एकोप्याची परीक्षा विजयानंतर घेऊ नये. ती पराभवानंतर घ्यावी. हेलसिंकीनंतर किंवा जाकार्तातील पहिल्या पराभवानंतर जे घडले त्याचे मोल पदकापेक्षाही अधिक आहे, ते याच कारणाने.

११ जून १९६३ रोजी, विजयानंतर वर्षही उलटले नव्हते तोच, रहीमसाहेबांचे निधन झाले. आता लेविन यांची कसोटी लावावयास हवी: पुढारी खोलीबाहेर गेल्यावर काम चालू राहिले काय? याचे उत्तर दुहेरी आहे. त्यांनी घडविलेले खेळाडू काही काळ देशाची शान राखीत राहिले. १९६४ च्या आशिया चषकात भारत दुसरा आला. १९७० च्या बँकॉक आशियाई सामन्यांत सय्यद नईमुद्दीन यांच्या नेतृत्वाखाली कांस्यपदक मिळाले. नईमुद्दीनही हैदराबादच्याच परंपरेतले. प्रदीपकुमार बॅनर्जी स्वतः नामवंत प्रशिक्षक झाले, आणि खेळाडूंच्या मनाला हात घालणाऱ्या त्यांच्या भाषणांत जाणकारांना गुरूचा वारसा जाणवे. चुनी गोस्वामी यांनी तर क्रिकेटच्या मैदानातही नेतृत्व केले. १९७१-७२ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध उतरलेल्या बंगालच्या संघाचे कर्णधार तेच होते. माणसांत रुजलेले शिक्षण असे टिकले.

संस्थांत मात्र ते रुजले नाही. लहान मुलांच्या त्या स्पर्धा, दुबळ्या पायाचा तो सराव, पराभवाचा तो अभ्यास हे सर्व एका माणसाच्या तळमळीवर चालले होते. ते देशभर चालविणारी यंत्रणा उभी राहिली नाही. १९६० नंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये खेळलेला नाही, आणि १९७० नंतर आशियाई सामन्यांत त्याला पदक मिळालेले नाही. हा दोष गुरूचा मानावा की गुरूनंतर आलेल्यांचा, याचा निवाडा जो तो आपल्या परीने करील. एवढे मात्र निश्चित की, थोर शिक्षकाच्या कर्तृत्वावर समाजाने विसंबून राहावे आणि त्याची रीत शिकून घेऊ नये, ही चूक फुटबॉलपुरतीच झालेली नाही.

खेळाच्या शिक्षकाने कठोर असावे की कोमल, हा वाद पुढेही चालू राहील. रहीमसाहेबांच्या चरित्राने त्याला दिलेले उत्तर असे की, कठोरपणा कामाविषयी असावा आणि कोमलपणा माणसाविषयी; आणि यांची अदलाबदल कधी होऊ देऊ नये. जो शिक्षक कामात ढिलाई चालवून घेतो व माणसाला टाकून बोलतो, त्याच्या हाताखाली अकरा गुणी खेळाडू असूनही ते अकराच राहतात. घरातील मुलांना, शाळेतील विद्यार्थ्यांना किंवा हाताखालच्या माणसांना वळण लावण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांनी आपल्या कठोरपणाचा रोख कोणाकडे आहे, कामाकडे की माणसाकडे, एवढे अधूनमधून तपासून पाहिले तरी हैदराबादच्या या शाळामास्तराचे श्रम वाया गेले असे होणार नाही.